बदकांना मारलेली हाक

आई, आज मी बदकांना हाका मारून आले. तू असतीस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं असतंस. ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे म्हणून गाव आहे, कांद्याबटाट्याच्या मळ्यांचं. तिथल्या एका मळेवालीशी माझी गट्टी जमली आहे. तिचे आजोबा गुजरातहून आले. ती इथलीच, बोलते इंग्रजीत आणि चिडते गुजरातीत. हिवाळ्यात इथे बदकांच्या शिकारीला परवानगी असते. मळ्यामागच्या तळ्यावर ती लहान होती तेव्हापासून बंदूक घेऊन बसते. लाकडी शिट्टी फुंकून बदकाचा आवाज काढायचा आणि वरून चाललेला थवा खाली बोलवायचा, यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण यंदा तिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणतात सुधारेल, पण सध्या ओठ नीट मिटत नाहीत, हवा कडेनेच निघून जाते. तिचे भाऊ म्हणाले, आता तळ्यावरची जागा भाच्याला दे. तर ही माझ्या दारात. "यू ब्लो, आय शूट. एकच दिवस. नाही जमलं तर देऊन टाकते त्याला."

मला काय येतंय त्यातलं? टाकानिनीतल्या आमच्या गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी शिट्टी फुंकत बसले. तुझे जावई म्हणाले, "अगं, शेजारचे कौन्सिलला फोन करतील." नात आतूनच ओरडली, "मम, दॅट्स हीप्स बेटर दॅन युअर सिंगिंग." तिला मराठी सगळं कळतं, टोमणे मात्र इंग्रजीत मारते.

आज पहाटे गवतावर पांढरं दव गोठलेलं. तळ्याकाठी वेताच्या काड्यांचा आडोसा, त्यात आम्ही दोघी आणि तिचा म्हातारा लॅब्रॅडॉर. पाण्यावर थव्याला भुलवायला प्लॅस्टिकची बदकं सोडलेली. ती थर्मासमधला चहा पिते आणि ओठाच्या कडेने तो हनुवटीवर ओघळतो. बाहीने पुसून म्हणते, "नॉट अ वर्ड." मी कशाला बोलतेय? पहिला थवा दिसला आणि मी जीव तोडून फुंकायला लागले. थवा वळला, एक घिरटी घातली आणि गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्याने तर मान वळवूनही पाहिलं नसेल. तिने बंदूक मांडीवर आडवी ठेवली, कुत्र्याची मान खाजवत बसली, मग हळूच म्हणाली, "इट्स ओके. दुपारी भाच्याला फोन करते." आई, तिचं ते इट्स ओके मला ऐकवेना. चांगल्या घरात पाहुण्याला अदबीने वाढावं तसं ती माझं अपयश मला वाढत होती.

आणि तेव्हा तू आठवलीस. महापालिकेच्या दवाखान्यात दाराशी उभी राहून पेशंटची नावं पुकारणारी. शाळा सुटली की मी तिथल्या बाकड्यावर दप्तर घेऊन बसायचे. तू नाव एकदाच घ्यायचीस, शेवटचं अक्षर जरासं लांबवून, आणि थांबायचीस. म्हातारी माणसं चपला शोधायची, पिशव्या गोळा करायची, तू थांबलेलीच. एकदा मी गॅलरीतून दादाला जेवायला बोलवत होते, दहा वेळा तरी ओरडले असेन. आतून तू येऊन माझ्या डोक्यात टपली मारलीस. "हाक आहे ती, तगादा नाही. एकदा मारायची आणि वाट बघायची. येणाऱ्याला यायला वेळ दे की."

पुढचा थवा लांबवर, मळ्याच्या कडेच्या उंच झाडांच्या वर दिसतो. मी एकदाच फुंकते, शेवट जरासा लांबवते आणि शिट्टी मांडीवर ठेवते. मैत्रीण माझ्याकडे डोळे मोठे करून बघते: फुंक ना. मी मान हलवते. थवा पुढे जातो, जातच राहतो आणि मग वळतो. पंख ताणून, पाय पुढे काढून ती बदकं थेट आमच्याकडे उतरायला लागतात.  दोन बार झाले, दोन बदकं पाण्यात. ती पडली तेव्हा मी तोंड फिरवलं, खोटं कशाला सांगू. पण शेजारी ही बाई अर्ध्या चेहऱ्याने इतकं हसत होती की मलाही आवरेना. कुत्रा पाण्यातून बदक घेऊन आला आणि आमच्या अंगावर अंग झटकून मोकळा झाला. भिजलो, गारठलो, आणि शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत राहिलो. मळ्यात परत आल्यावर तिने भाच्याला फोन केला खरा, पण एवढंच सांगायला की कांद्याच्या गोणी भरायला ये, तळ्याचं मी बघते.

तिच्या स्वयंपाकघरात लसूण-आल्यात बदक शिजत असताना ती म्हणाली, "नेक्स्ट सॅटर्डे?" तू तर अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात, गॅलरीतल्या स्टोव्हवर उकडायचीस. म्हणून म्हटलं, आधी तुला विचारावं, जाऊ का. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. पण तुझ्यापाशी काय लपवायचं, आई, तिला मी हो म्हणून आले आहे.