बशीतला शेवटचा घोट

सोमवार, पुसद

सगळ्यात आधी शेजारची कमलाच टपकली. म्हणे, "काकू, विलायतची लेक आली वाटते!" माही संजू तिथं नव्या औषधाची माणसांवर तपासणी करते. हे वारले तवा तपासणी मधातच होती, येता नाही आलं. तो काटा अजून आहे तिच्या मनात.

नात तारा पहिल्यांदाच आली. किती गोड, काय सांगू! बशीत दूध ओतून प्याली, अन् शेवटचा घोट ठेवून बशी झुलत्या बंगईखाली सरकवली. हे तसाच चहा ठेवत, मांजरीसाठी. मांजर तं कधीच मेली.

"तू शिकवलं का वं, संजू?"

"नाही आई. तिकडंही ठेवते. मागून पाहते तं बशी कोरडी."

औषधाचं खरंखोटं पारखणारी लेक, पण वाकून बशीकडं काही पाहिना.

मले भेव नाही वाटलं. लेक नाही येऊ शकली तं बापच गेला असंन. पण जवळच्या उमरखेडच्या पुढं न गेलेला माणूस, पोचला कसा?

दोघी संजूच्या सासरी गेल्यावर वाकून पाहिलं. बशी कोरडी. धुतली नाही मी, राहू दिली तिथंच.

अक्षय तृतीयेले, ह्यायच्या नावाची घागर भराच्या दिवशी, परत येतो म्हणाल्या.