खाडीवरचं गाऱ्हाणं

८ जाने., गुरु.
ओहोटी दहाच्या सुमारास. बालवाडीची पोरं घेऊन ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या दांड्यावर. वाळू दिसली की ही कार्टी कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, म्हणून आज युक्ती केली. काठावर उभं केलं, हात जोडायला लावले आणि खाडीच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, देवळात घालतात तसं. बा राखणदारा, ही पोरां तुझ्या अंगणात खेळूक इली आसत, त्यांका सांभाळ. सगळी एका सुरात, 'व्हय म्हाराजा'. तेवढ्यात मी पाणी बघून घेतलं. मग तासभर कुर्ल्या-खेकड्यांची बिळं, शंख, वाळूचे डोंगर. बरी सुचली.

९ जाने.
आजही आधी गाऱ्हाणं, मग खेळ. दांड्याच्या टोकाला पाण्यात काठी टेकवली, तर अख्खी आत. मागच्या आठवड्यात तिथे घोट्याएवढं पाणी होतं! मदतनीस मंगल म्हणाली, पलीकडे रात्री वाळूच्या होड्या लागतात, पंप लावून उपसतात, मग इकडची वाळू खालून सरकते. वरून दांडा जसाच्या तसा. पोरांना घाईघाईने माघारी आणलं, वर उगाच त्यांच्यावरच ओरडले.

१२ जाने.
दांडा बंद. सरपंचांना सांगितलं, बघूया म्हणाले. बघतील, बघतील.
अंगणातच मुंग्या, सुकी पानं, चिखलाची भांडी. पोरं चिरडीला आलीत. दुर्वा (चार वर्षांची, घर खाडीला लागूनच) विचारत होती, गाऱ्हाणं घातलं की झालं, मग का नाही जायचं. मी आपली हसले.

२२ जाने.
सकाळी मंगलला दुर्वा दांड्यावर दिसली. एकटी, टोकाजवळ. हात जोडून गाऱ्हाणं घालत होती आणि 'व्हय म्हाराजा'ही स्वतःच म्हणत होती. मंगलने उचलून आणली. मी खांदे धरून गदागदा हलवलं, तर शांतपणे म्हणते, "माका राखणदार बघता."
तिच्या आईला सांगितलं. वाटलं घाबरेल, तर तिला कौतुकच. एवढ्याशा पोरीला अख्खं पाठ, म्हणे. वडील म्हणाले, आंब्याची फवारणी उरकली की मागल्या बाजूला कुंपण घालतो.

२३ जाने.
पोरांना गोल बसवून सांगून टाकलं. गाऱ्हाणं हा बाईंचा खेळ होता, तुम्ही गप्प उभं राहावं म्हणून. पाणी ते ऐकत नाही. दुर्वा उठून उभी राहिली.
"मगे राखणदार खोटो?"
मंगल झाडू थांबवून माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणायचं होतं. एक शब्द. पण याच गावात जन्मले, दर वर्षी त्याला नारळ ठेवते.
"नाय गो, खोटो कसो आसतलो."
दुर्वा खाली बसली. तिचं समाधान झालं. मी मात्र...

२५ जाने., रवि.
सुट्टी, तरी जिवाला चैन पडेना. दुपारी खाडीवर गेले. दांड्यावर सहा पोरं, सगळी माझीच, ओळीने टोकाकडे निघालेली. पुढे दुर्वा, कमरेवर हात, थेट माझ्यासारखी. तिने गाऱ्हाणं घातलं, मागच्यांनी साथ दिली. हाक मारली नाही, दचकून पुढे पळाली असती. हळूहळू मागून गेले, एकेकाचा हात धरून वळवलं. पायाखालची वाळू भुसभुशीत, चालताना खचत होती. रडू फुटलं मला, त्यांच्यासमोरच.
संध्याकाळी सहाही घरी जाऊन सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा केला. दुर्वाचे वडील म्हणाले, बाई, तुम्हीच शिकवलंत नि तुम्हीच घाबरता?
ओहोटी रोज उशिरा होत चाललीय. परवापासून शाळा सुटल्यानंतरची. तेव्हा पोरं माझ्याकडे नसतात.