शिरा काढलेली पानं

जामबाग, हैदराबाद
८ ऑगस्ट १९९४

ती. आत्यास,
त्रिवेणीचा सा. न. वि. वि. इकडे ठीक. तुझ्या गुडघ्याचं कळव.

कुकटपल्लीच्या आमच्या कंपनीला परदेशी गिऱ्हाईक मिळालंय. त्याला विड्याच्या पानाचं नेमकं वर्णन हवंय: शिरा किती, कुठून निघतात, कशा वळतात. याला आम्ही शिराविन्यास म्हणतो आणि म्हणताना मान जरा ताठ करतो. बाजारातलं पान चालत नाही, वेल माहितीची लागते. मी आमच्या वरच्या हिम्मतरावसाहेबांना तुझ्या परसातली वेल सांगून बसले. वर्णन नीट गेलं तर माझी तात्पुरती नोकरी पक्की होईल. नाहीतर सप्टेंबरपासून मी तुझ्याकडे जेवायला.

चुलतभाऊ रवी तिकडे आलाय, त्याच्याबरोबर पानं पाठव. ओल्या फडक्यात, वरून केळीचं पान, दाबू नयेत.

लोभ आहेच, तो पानांबरोबर बांधावा.
तुझी त्रिवेणी

नांदेड
१३ ऑगस्ट १९९४

चि. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद. गुडघा आहे तसाच. पानं रवीजवळ देते आहे. गोऱ्या साहेबाकडे जायची म्हणून एकेक घेऊन बसले. देठ खुडले, टोकं काढली, मागच्या शिरा नखाने सोलल्या. एक राहू दिली नाही. शेजारची मनकर्णा म्हणाली, लग्नातसुद्धा इतके साफ विडे पाहिले नाहीत. जेवायला केव्हाही ये, पण नोकरी घालवून येऊ नकोस.

माया आहे, ती वाढती समज.
तुझी आत्या तारामती

जामबाग
२२ ऑगस्ट १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पानं उघडली, विश्वास बसेना म्हणून भिंग लावलं. भिंगातूनही शिरा नव्हत्या. फडक्यापासून केळीच्या पानापर्यंत सगळं कळवणाऱ्या मुलीला ‘शिरा ठेव’ एवढं सुचलं नव्हतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग.

शेजारच्या टेबलावरची नीलिमा म्हणाली, परेशान कायको होतीस, पुस्तकात बघून सात लिही, मोजायला कोण येतंय. पेन उघडलंही होतं. पण तुझ्या वेलीला सात की पाच, मला कुठे माहीत? मग हिम्मतरावसाहेबांना खरं तेच लिहून दिलं: आत्याने विड्यासाठी काढतात तशा शिरा काढल्या, चूक मागणारीची.

त्यांनी ते सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. चपराशीसुद्धा हसला. मग म्हणाले, जी बाई हे लिहून देते ती पानावर नसलेली शीर लिहिणार नाही. गिऱ्हाइकाकडून आठवडा मागून घेतला आणि संध्याकाळी मला नोकरी पक्की झाल्याचं पत्र दिलं.

तेव्हा पुन्हा पानं पाठव, देठासकट. धूळ असली तर तीही राहू दे. ऑफिसात मला आता विडाबाई म्हणतात. नोकरी पक्की आहे, म्हणून ऐकून घेते.

राग नसावा, असलाच तर थोडा ठेवावा.
तुझी त्रिवेणी