नोहाचं तारू आणि कृष्णातची म्हैस

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ऑक्टोबर १९७४

प्रिय यज्ञेश्वर,

तुमचा सिनेमा अखेर कोल्हापुरात लागला. बघू नकोस, असं तू मुंबईहून बजावलं होतंस, म्हणून शुक्रवारी पहिल्याच खेळाला गेले. एकटी नाही हं, आई म्हणजे आमची माई, शेजारचा कृष्णात दूधवाला सहकुटुंब, आणि चक्क दादा! सिनेमावाल्यांविषयी माझ्या वडिलांचं मत काय आहे, ते तुला ठाऊकच आहे. तू मला मागणी घालायला आलास तेव्हा भांडून तुझ्या तोंडावरच सांगितलं होतं त्यांनी. तरी कोर्टात जातात तसे कोट-टोपी घालून आमच्या आधी दारात उभे. का, ते मी विचारलं नाही.

सिनेमा कसा झालाय म्हणून सांगू! बायबलातली केवढी मोठी गोष्ट. जग बुडायला आलंय आणि एक म्हातारा देवाच्या शब्दावर लाकडं तासत बसलाय. तुमच्या दिग्दर्शकानं पाण्यासारखा पैसा ओतून तिचं काय केलं? नोहाची दाढी एकदा छातीपर्यंत, लगेच पुढं हनुवटीपुरती. प्रलय तोंडावर आलाय आणि त्याची सून झऱ्याकाठी नाचतेय. आणि प्रलय तरी कसला, हौदातलं पाणी ते हौदातलंच दिसतं! तारू हेलकावे खात होतं, तेवढ्यात शेजारून त्याच्या दुप्पट मोठं पिंपळपान तरंगत गेलं. माई म्हणाली, "अगं, त्यातच बसायचं होतं की सगळ्यांनी!"

शूटिंगसाठी वडगावच्या बाजारात जनावरं कमी पडली तेव्हा तू कृष्णातची म्हैस नेली होतीस ना, ती बाई तारवात तीनदा चढली. पहिल्यांदा कृष्णात उभा राहून ओरडला, "आमची म्हस हाय की ती!" टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, उतरवा की हिला, बाकीच्यास्नी जागा न्हाय!" सगळं थिएटर हसून लोळलं. मीही हसले, रागावू नकोस. मध्यंतरात निम्मी माणसं चहाला गेली, ती परत आलीच नाहीत.

मग ते दृश्य आलं. नदीकाठ, सकाळचं धुकं, आणि तू सुतारांबरोबर चिखलीच्या माळावर उभं केलेलं ते खरंखुरं तारू, अर्धंच बांधलेलं. फासळ्यांसारख्या वाकवलेल्या फळ्या आणि त्यांतून येणारं कोवळं ऊन. गाणं नाही, बोलणं नाही. थिएटर एकदम गप्प झालं. कृष्णातसुद्धा. दादा खुर्चीत पुढं सरकले आणि हळूच म्हणाले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "यज्ञेश्वरनं." त्या भांडणानंतर तुझं नाव मी त्यांच्यापुढं पहिल्यांदाच घेतलं. दृश्य संपलं तरी ते मागं टेकले नाहीत.

बाहेर पडल्यावर खासबागेजवळ भेळ खाल्ली. कागदातली भेळ संपवून, हात पुसून दादांनी निकाल दिला, "सिनेमा टाकाऊ आहे. पण त्या तारवात मी माझी माणसं डोळे झाकून बसवली असती." माईनं माझ्याकडं बघितलं आणि मी उगीचच तिखट लागल्यासारखं केलं.

तू लिहिलंस, सिनेमा पडला, त्याबरोबर नावही गेलं, आता दादांपुढं कोणत्या तोंडानं येऊ, सांगलीच्या स्थळाला हो म्हणून टाक. सिनेमा पडलाय हे खरं. पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकायचा नाही. पण सांगलीकरांना काल दादांनीच नकार कळवला. आणि येत्या रविवारी ते माईला घेऊन पेठ वडगावला निघालेत, तुझ्या आईकडं शब्द टाकायला. ते तुला कळवणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणून हे मी लिहितेय. तू आलास तर तुझ्यादेखत ठरेल, नाही आलास तर तुझ्यामागं. ठरणार एवढं नक्की.

आता उघडपणे
तुझीच,
कालिंदी