बंदी असलेली लाईन

बापू, तुम्ही मला लाईनवर पाय ठेवायची बंदी केली होती, आणि मी गेलं वर्षभर रोज सकाळी त्याच लाईनवरून चालते आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कपाळाला आठ्या पडायच्या त्या आत्ताच पडून जातील. तुम्ही गेलात तेव्हा छोटी गाडी चालू होती. नंतर मोठी लाईन डोंगराला वळसा न घालता खालून सरळ नेली, घाटातले रूळ उचलले, आणि तुमचा सगळा पट्टा बाभळींनी खाल्ला. आता तो साफ करून तिथं फिरायची वाट केली आहे. वसमतचे हळदीचे व्यापारी रविवारी पांढरेशुभ्र बूट घालून येतात आणि पहिल्या चढालाच हवा किती छान आहे म्हणून थांबतात.

बंदीचा दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी नऊ वर्षांची, तुमची भाकरी घेऊन वळणावर आले आहे. तुम्ही चावीवाले. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत सकाळी एका अंगानं जायचं, दुपारी दुसऱ्या अंगानं परतायचं. तुम्ही हातपाय धुवायला ओढ्यात उतरता, आणि मी, तुम्हाला तेवढाच आराम म्हणून, हातोडा दोन्ही हातांनी उचलून चाव्या ठोकत सुटते. एकेरी लाईनवर एक चावी या बाजूनं ठोकतात तर दुसरी त्या बाजूनं, हे मला कुठं ठाऊक. मी सगळ्या एकाच बाजूनं ठोकल्या. निम्म्या घट्ट झाल्या, निम्म्या सैल होऊन बाहेर आल्या. तुम्ही वर आलात, पाहिलंत, कानाखाली एक दिलीत आणि गाडी यायच्या आत घामाघूम होऊन सगळ्या परत बसवल्यात. भाकरी तशीच राहिली. "पुन्यांदा लाईनवर दिसलीस तर तंगडं मोडून हातात देईन," म्हणालात. चूक माझी होती, मार बरोबर होता. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते पुढच्याबद्दल. अठरा पूर्ण झाल्यावर मी रूळ दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्या गँगच्या भरतीचा फॉर्म आणला. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तुम्ही फॉर्म वाचलासुद्धा नाहीत, सरळ चुलीत सारलात. "हिनं गाडी पाडली असती, हिला कोन घेतंय?" नऊ वर्षांच्या लेकराची चूक तुम्ही अठराव्या वर्षी माझ्या गळ्यात बांधलीत, आणि वर हसलात. मायसुद्धा हसली. ते हसणं मला थपडेपेक्षा जास्त लागलं, बापू, आणि अजून लागतं.

म्हणून गेल्या वर्षी, वाटेच्या राखणीला माणूस पाहिजे म्हणून ग्रामपंचायतीत बैठक झाली, तेव्हा मी उभी राहिले. रोज चालायचं, काटे तोडायचे, दरड आली तर कळवायचं. सरपंच म्हणाले, "बाईमानसाला व्हनार हाय का हे? काहून तकलीफ घेता?" मी म्हणाले, "उद्या चला माझ्यासंगं. आधी कोन खाली बसतंय ते बघू." ते आले नाहीत. काम मला मिळालं. जिथं म्हणून तुम्ही मला येऊ दिलं नाही, त्या वळणावर, त्या पुलावर माझे पाय रोज पडतात. मोडायचंच असेल तर या तंगडं मोडायला. परवानगी मी मागितली नाही आणि मागणारही नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच आहे. पण टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, एका गोष्टीपायी. फिरायला आलेली माणसं विचारतात, "ताई, या लाईनची एवढी माहिती तुम्हाला कशी?" मी सांगते, माझे वडील इथं चावीवाले होते, त्यांनीच मला बोट धरून सगळी लाईन दाखवली. पहिल्यांदा तोंडातून गेलं तेव्हा माझं मलाच कळलं नाही. आता रोज सांगते. साफ खोटं आहे, बापू, आणि ते मी सोडणार नाही.