वळणाखाली धरलेला हात

देऊळगाव राजा,
मंगळवार

प्रिय छाया,

तुला, जावईबापूंना आणि मयुरीला ओंजळभर आशीर्वाद.

पंधरा दिवसांपूर्वी तू रागानं फोन आपटलास. तू म्हणालीस, मयुरीच्या लग्नालाही बाबा आले नाहीत तर माझं माहेर संपलं असं समजेन. तुझा राग खोटा नाही बाई. मयुरी तान्ही होती तेव्हा बाबांनी तुला मलकापूरला पोचवलं. आता त्या पोरीला हळद लागायची वेळ आली, तरी या माणसाचा पाय पुन्हा तुझ्या उंबऱ्याला लागला नाही. कधी ड्यूटी, कधी ताप, कधी सोयाबीन सोंगायला माणूस मिळेना. तू दिवाळीला आलीस की नातीला घेऊन गावभर मिरवणार, बालाजीचा प्रसाद तिच्या मुठीत कोंबणार, आणि निघताना तू ‘आता तुम्ही या’ म्हटलंस की हे दुसऱ्या खोलीत. तुझ्या लग्नातल्या मानपानाचा राग बाबा अजून धरून बसलेत असं तुला वाटतं. मलाही तेच वाटायचं. विचारलं की म्हणायचे, पाहू. आपल्या घरात ‘पाहू’ म्हणजे नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तर त्या फोनचं उत्तर मला सापडलंय. पण सापडलं ते छत्रपती संभाजीनगरला, छोट्या रेल्वेवाल्यांच्या मेळाव्यात. हसू नको. शेगडी पेटल्याशिवाय भाकरी भाजत नाही, तशी मलाही मूळ गोष्टीवर यायला वेळ लागतो. जरा धीर धर.

माडीवरचा तो पसारा तू पाहिला आहेस. बाबांना म्हातारचळ लागला, असं तूच म्हणाली होतीस. मीही काही कमी कुरकुरले नाही. जन्मभर एसटी चालवली आणि रिटायर झाल्यावर हे वेड कशाचं, तर रेल्वेचं! आपल्या गावाला रेल्वे आली नाही म्हणून यांनी ती छोटी करून माडीवर आणली. खिडकीपाशी मलकापूर, भिंतीपाशी आपलं देऊळगाव राजा, बालाजीच्या कळसासकट, आणि मधे राजूरचा घाट. पुढे पुढे मलाही त्याची गोडी लागली. चहाचा चोथा वाळवून मी त्यांना काळी माती करून द्यायची, घोसाळ्याच्या जाळीची बाभळं करायची. पण घाटाचं काही जमेना. चढताना इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि उतरताना गाडी सुसाट सुटून वळणावरून खाली पडायची. म्हणून गाडी उतरू लागली की हे त्या वळणाखाली तळहात धरून उभे. जेवायला हाक मारली तरी हात काढायचे नाहीत. मला वाटायचं, इंजिन महागाचं असेल.

मेळाव्याचं आमंत्रण यांच्या मोबाइलवर आलं. एक दिवस एकमेकांच्या घरच्या रेल्वे पाहायच्या, दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये क्लिनिक. क्लिनिक म्हटल्यावर मी आपली बीपीची फाइल आणि गुडघ्याचा एक्स-रे पिशवीत टाकला. तिथं गेल्यावर कळलं की क्लिनिक म्हणजे शिकवणी. कुणी झाडं शिकवतो, कुणी वायरिंग, कुणी रूळ टाकायला. माझी अशी फजिती झाली! पण संजीवनीताई म्हणून एक रिटायर शिक्षिका होत्या, त्यांनी तो एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाल्या, स्टेशनच्या खिडक्यांना याच्या काचा मस्त होतील. माझा डावा गुडघा आता त्यांच्या बुकिंग ऑफिसात बसलाय.

या संजीवनीताईंचं अख्खं स्टेशन दिवाणात आहे. झाकण उघडलं की खाली प्लॅटफॉर्म, सिग्नल, केळीवाला, सगळं. पाहुणा आला की झाकण लावून वर गादी टाकतात. दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तर त्याचे डोंगर दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरचे. त्याची मालगाडी स्वयंपाकघरातून देवघरात जाते आणि त्याच्या आईची सुपारी पोचवते. आई म्हणाली, सुनेपेक्षा वेळेवर येते. सून तिथंच उभी होती, तीही हसली. आणि रीत कशी, तर कुठं हात लावायचा नाही. हात मागे बांधायचे आणि देवळात गेल्यासारखं वाकून गाडीच्या डोळ्याला डोळा लावून पाहायचं. माझा गुडघा बोंबलत होता, पण मी वाकले. वाकलं की खोली दिसेनाशी होते गं, गावच दिसतं. त्या दिवशी अर्धं ओझं तिथंच उतरलं. मनात म्हटलं, हे वेड असेल तर शहाण्यासुरत्या लोकांचा अख्खा मेळावा वेडा आहे. आपला माणूस एकटा नाही.

दुसऱ्या दिवशी चढाची शिकवणी होती. शिकवणारे भगवानराव, सगळी नोकरी रेल्वेत रूळ मोजण्यात गेलेली. यांनी घाटाचा तेवढा तुकडा सोबत आणला होता. चादरीत गुंडाळून, जालन्यापासून रेल्वेत मांडीवर. वरच्या फळीवर ठेवा म्हटलं तर ऐकेनात. भगवानरावांनी तो टेबलावर ठेवला, इंजिन लावलं. चाकं गरगरली. ते हसून म्हणाले, ड्रायव्हरसाहेब, हा रेल्वेचा घाट नाही, एसटीचा आहे. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढताय. सगळे हसले, हेही हसले. मग भगवानरावांनी इंजिन वरून सोडलं, आणि यांचा हात आपोआप वळणाखाली गेला. ते म्हणाले, हात काढा, पडू द्या, पडल्याशिवाय चूक कुठं आहे ते कळणार नाही. यांनी हात काढला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा हे माझ्याकडे पाठ करून, वळणाकडे पाहत म्हणाले,

“सायेब, गाडीत माही लेक होती. अन् लेकीची लेक.”

छाया, तुझं बाळंतपण आटोपून बाबा तुला त्यांच्याच एसटीतून मलकापूरला नेत होते. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर तू मयुरीला मांडीवर घेऊन झोपली होतीस. घाट उतरताना त्या वळणावर एक ट्रक दुसऱ्या ट्रकला मागे टाकत समोर आला. बाबांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. आरसा मोडला, पत्रा घासला, गाडी थांबली. कुणाला ओरखडाही नाही. धक्क्यानं तू जागी झालीस आणि विचारलंस, आलं का मलकापूर? हे म्हणाले, नाही, इंजिन तापलं, झोप तू. तुला आठवतही नसेल. उरलेला घाट त्यांनी पार केला, तुला घरी सोडलं, तुझ्या सासऱ्यांसोबत हसून चहा घेतला. परत आले आणि जालन्याची ड्यूटी मागून घेतली. त्यानंतर त्या घाटात ते नुसते प्रवासी म्हणूनही गेले नाहीत. त्या हॉलमध्ये म्हणाले, एसटीत मागं बसलो की घाट नसला तरी तो ट्रक दिसते, अन् स्टिअरिंग माह्या हातात नसते.

इतक्या वर्षांचा संसार, आणि मी हे परक्या लोकांत पहिल्यांदा ऐकलं. राग आला का? आला. पण तो पाणी प्यायला उठेपर्यंतच टिकला. मग नुसतं हलकं वाटलं. तुझ्यावर राग नव्हता गं त्यांचा. कुणावरच नव्हता.

भगवानरावांनी पाठबीठ थोपटली नाही. स्टूल सरकवलं, यांना बसवलं आणि खडूनं टेबलावर रेघ काढू लागले. एक हात चढायचं तर चाळीस हात चाल घ्यायची. डोंगर आडवा आला की त्याच्या कडेकडेनं जायचं. मग खडू खाली ठेवून म्हणाले, “एवढा लांबून वळसा घातला तरी रेल्वेत त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. आखणी म्हणतात.”

संध्याकाळी आम्ही स्टेशनवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत होतो. हे भिंतीवरच्या नकाशापाशी उभे. मी जवळ गेले आणि सहज विचारलं, यातून मलकापूरला जाता येतं का हो? म्हणाले, हाव. मनमाडले गाडी बदलायची, मग भुसावळ, मग मलकापूर. बोट अडखळलं नाही की थांबलं नाही. म्हणजे सगळं आधीपासून पाठ! मी म्हटलं, मग इतकी वर्षं काऊन नाही गेलो? तर म्हणतात, एसटीचा ड्रायव्हर सरळ गाडी सोडून मनमाडवरून लेकीकडे जाते म्हटल्यावर सारा डेपो विचारीन ना काऊन म्हणून. मी काय सांगू त्यांले? मला हसूही आलं आणि रडूही. म्हटलं, अहो, भरल्या हॉलला सांगून आलात, आता डेपोचं काय घेऊन बसलात. तर हेही हसले, चक्क डोळे पुसत.

घरी आल्यापासून माडीवर तोडफोड चाललीय. जुना घाट निघाला. नवी लाइन कपाटाला वळसा घालून नेताहेत, त्यात माझी कुरडयांची जागा गेली. जाऊ दे. काल गाडी वरून खाली आली तेव्हा हे खुर्चीत बसून दोन्ही हातांनी बशी धरून चहा पीत होते.

आता हे सगळं फोनवर न सांगता लिहून काढलं, त्याचं कारण सांगते. फोनवर तू म्हणाली असतीस, बाबांना दे, आणि त्यांनी ‘बरी आहे ना बापा’ एवढं विचारून फोन पुन्हा माझ्याच हातात दिला असता. काल रात्री तेच म्हणाले, तू लिहून टाक तिले, माह्यानं तोंडानं सांगणं होत नाही. तिकिटं काढलीत. हळदीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मलकापूरला उतरतो. जावईबापूंना बसस्टँडवर पाठवू नको, रेल्वे स्टेशनवर पाठव. बाबा दारात आले की काही विचारू नको, रडूही नको, हातातली पिशवी तेवढी घे. तुझ्याकडची पाहुणेमंडळी विचारतीलच, की देऊळगाव राजावरून सरळ गाडी असताना म्हातारा मनमाडवरून कशाला आला. त्यांना सांग, बाबांना रेल्वेचं वेड आहे. ते काही खोटं नाही.

तुझीच,
आई