तुझी खिडकी बुजवू दिली नाही

प्रिय मंदा,

नावानं लिहितोय म्हणून दचकू नकोस. बेचाळीस वर्षं 'अगो' म्हणून काम भागलं, पण पत्राच्या वर 'प्रिय अगो' कसं लिहायचं? बरं दिसत नाही.

पत्र लिहायचं कारण आज सकाळी घडलं. एसी बसवणारा माणूस तुझ्या खोलीत मशीन घेऊन आला होता. तुझी पूर्वेची खिडकी काढायची, तिथे विटा लावायच्या आणि वर तो एसी टांगायचा, असं ठरलं होतं. मला न विचारता ठरलं होतं. मी खिडकीसमोर खुर्ची ओढली आणि बसलो. तो म्हणाला, "काका, जरा सरकता का?" मी म्हटलं, "न्हाय." थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी चहा पिऊन गेला बिचारा. समोरच्या यमुनावहिनीनं दारातून सगळं बघितलंय, म्हणजे दुपारपर्यंत अख्ख्या कोळीवाड्याला कळलं असणार. कुणी तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचवण्याआधी माझ्याकडूनच ऐक.

माझ्या पाठीमागे, खिडकीच्या कठड्यावर, पाच करवंट्यांमध्ये टोमॅटोची पाच रोपं उभी होती. तुझ्या टोमॅटोची.

हसलीस ना? हस. मी काय काय बोललोय ते तुझ्या लक्षात असणारच. "टोमॅटो काय बाजारात मिळत नाहीत?" हे तर दर वर्षी. तू उत्तर द्यायची नाहीस. मांदेलीच्या कालवणात ते लहान, पन्हळी पडलेले, आंबट टोमॅटो चिरून टाकायचीस आणि मी दोनदा भात मागून घ्यायचो. तेच तुझं उत्तर असायचं, हे मला आत्ता कळतंय. तुझ्या आईनं पालीच्या बाजारात सुकट देऊन बदल्यात घेतलेले ते टोमॅटो. त्यांचं बी तिनं राखलं, मग तू राखलंस. आणि मी? मी फक्त जेवलो.

नारळी पौर्णिमेला आम्ही सगळे वाजतगाजत बंदरावर जायचो, दर्याला नारळ वाहायला. तू यायची नाहीस. मला वाटायचं, करंज्या तळायच्या राहिल्या असतील. खरं तर त्याच दिवशी, करंज्यांसाठी खवलेल्या नारळांच्या करवंट्या घेऊन तू या खोलीत बसायचीस. पाणी निथळायला खालचा डोळा फोडायचीस, माती भरायचीस, एकेक बी दाबायचीस. आमच्या होड्या पाण्यात जायच्या, तुझं बी मातीत. बाहेर पावसाचा मारा आणि खारा वारा, म्हणून रोपं दसऱ्यापर्यंत घरात, या खिडकीत. पाऊस संपला की खिडकीखालच्या तुझ्या वाफ्यात. इतकी वर्षं एका घरात राहून मी हे एकदाही उभं राहून बघितलं नाही, मंदा. नवऱ्याला लाज वाटायला पाहिजे, आणि वाटते.

पण थोडं भांडायचंही आहे तुझ्याशी.

गेल्या कार्तिकात आपल्या नितेशनं तुझ्या वाफ्यावर पेवर ब्लॉक घातले. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून. तू याच पलंगावर होतीस, उठवत नव्हतं तुला. खाली जमीन ठोकायच्या धुम्मसाचे दणके बसत होते आणि तुझ्या औषधाच्या बाटल्या फळीवर वाजत होत्या. मी म्हटलं, "अगो, सांगू का त्याला थांबायला?" तू म्हणालीस, "करू दे. त्याच्या पोटापान्याचा सवाल हाय." आणि भिंतीकडे तोंड केलंस. असं का केलंस? एक शब्द बोलली असतीस तर मी त्या गड्यांना बंदरापर्यंत पळवलं असतं. की मी न विचारताच पळवावं, अशी तुझी इच्छा होती? ते मला ओळखता आलं नाही. मी चपला घातल्या आणि बंदरावर जाऊन बसलो. माघात तू गेलीस. तेव्हापासून ते दणके माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

नितेशला दोष देत नाही. मासळी पूर्वीसारखी लागत नाही, त्यानं घरात पर्यटकांसाठी खोल्या केल्या, पाहुणे येतात, चूल चालते. पोरगा कष्टाळू आहे. पण कष्टाळू माणसाला सगळीकडे गाड्या लावायची जागाच दिसते, त्याला मी तरी काय करू?

या नारळी पौर्णिमेला मी माझी लाल टोपी शोधत होतो. तुझी पत्र्याची पेटी उघडली, तर लुगड्यांच्या खाली कॅलेंडरचं एक पान घडी करून ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वीचं, फेब्रुवारीचं. मागच्या कोऱ्या बाजूला टोमॅटोचं बी चिकटवलेलं, तीन ओळींत, आणि कोपऱ्यात तुझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात एकच शब्द, 'आंबट'. मी पेटीसमोर खालीच बसलो. मिरवणुकीची वाजंत्री दारावरून पुढे गेली तरी उठलो नाही. मग गेलो, नारळ वाहिला, आणि घरी येऊन कुणाला न सांगता ठरवलं. तुझे टोमॅटो या घरातून जाणार नाहीत.

ठरवलं खरं, पण मी तुझ्यासारखा शांतपणे थोडंच करणार? मला सगळं मोठं लागतं. मी प्लास्टिकचा टब घेतला, लाल माती आणि शेणखत कालवलं आणि पानावरच्या दोन ओळी एकदम पेरल्या. सहाव्या दिवशी कोंब वर आले. माझी छाती फुगली. यमुनावहिनीला बोलावून दाखवले. नितेशला म्हटलं, बघ, तुझ्या आईला जमायचं ते मलाही जमतं.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. तू मासळी धुतलेलं पाणी माडांना घालायचीस, ते मी बघितलेलं. मासळीचं पाणी झाडाला चांगलं, एवढीच माझी अक्कल. त्या दिवशी घरात खारवलेली सुरमई भिजत घातली होती. ते पाणी मी फुकट कशाला घालवू म्हणून मोठ्या प्रेमानं रोपांना घातलं. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या, तिसऱ्या दिवशी सगळी आडवी. खारा मासा भिजवलेलं पाणी, मंदा. जन्मभर खाऱ्या पाण्यावर जगलेला माणूस मी, आणि मला मीठ ओळखता येऊ नये?

यमुनावहिनीनं टबात बोट घातलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

"भावजी, ह्ये काय केलात? खाऱ्याचं पानी? ती तर ताज्या मासळीचं पन टमाट्याला घालायची न्हाय. माडाला घालायची, माडाला."

"मला काय माहीत?"

"तुमाला कधी काय माहीत होतं? आणि टबात कशाला? ती करवंटीत लावायची, एका करवंटीत एक. रोज सकाळी अर्धी फिरवायची, न्हायतर रोप उजेडाकडं वाकतं. आणि वरून हात फिरवायची, हलक्या हातानं. त्यानं दांडा मजबूत व्हतो."

हे शेवटचं ऐकून मी खिडकीकडे वळलो. तू सकाळी खिडकीशी उभी राहून रोपांवरून हात फिरवायचीस, ते मी कितीदा बघितलंय. मी म्हणायचो, "रोपांना काय कुरवाळतेस? नवऱ्याकडे बघ जरा." तू हसायचीस. तुला एवढं साधं सांगता आलं नाही का, की याचा उपयोग असतो? की सांगितलंस आणि मी ऐकलंच नाही? हेच जास्त खरं वाटतं मला.

पानावर एक ओळ उरली होती. अकरा बिया. त्या मेल्या असत्या तर तुझ्या आईपासून चालत आलेलं सगळं माझ्या हातानं संपलं असतं. गणपती बसायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो आणि सूनबाईकडे अकरा करवंट्या मागितल्या. प्रज्ञा पाहुण्यांच्या सोलकढीसाठी नारळ खवत होती. तिनं ओल्या करवंट्या पदराला पुसून माझ्या हातात दिल्या, अकरा मोजून.

आठ उगवल्या. खिडकीला पडदा होता, तो काढायचं सुचेपर्यंत दोन रोपं उंचच उंच, दोऱ्यासारखी झाली आणि मोडली. एक का गेलं ते मला अजून कळलेलं नाही. पाच राहिली. पडदा मी काढून टाकला. आता रोज सकाळी करवंट्या फिरवतो आणि रोपांवरून हात फिरवतो. माझा हात तुला माहीतच आहे, जाळी ओढून ओढून खरखरीत झालेला. रोपांनी अजून तक्रार केलेली नाही.

आणि एक गंमत सांगतो. गेल्या आठवड्यात मी दोन दिवस श्रीवर्धनला भाच्याकडे अडकलो. मनात धाकधूक, रोपं वाकली असतील. आल्यावर बघतो तर करवंट्या व्यवस्थित फिरवलेल्या, माती ओली. प्रज्ञाला विचारलं तर म्हणाली, "मी न्हाय बाबा, माझ्या मागे काय कमी कामं हायत?" आणि तिच्या नखांत लाल माती होती.

आता आजचं. एसीवाला गेल्यावर नितेश आला. आवाज चढवला नाही त्यानं, तुझ्यावर गेलाय.

"बाबा, दिवाळीला पाहुणे येणार हायत. ही खोली लागंल."

"खोली दे. खिडकी न्हाय."

"खिडकीतनं ऊन येतं, एसी चालत न्हाय नीट."

"मग एसी दुसऱ्या भिंतीला लाव."

त्यानं एका करवंटीतली माती बोटानं दाबून बघितली. मग म्हणाला, "बाबा, माणगावहून तयार रोपं आणून देतो ना. वीस आणतो. कुंड्या पन आणतो, गच्चीत ठेवा."

"ती तुझ्या आईची न्हायत."

"टमाटे काय बाजारात मिळत न्हायत?"

मंदा, माझ्या तोंडून निघालेलं वाक्य जसंच्या तसं माझ्या पोरानं मला ऐकवलं. राग येण्याऐवजी मला हसूच आलं. मी त्याला म्हटलं, "कुंडीत न्हाय लावायची. जमिनीत."

"कुठल्या जमिनीत?"

मी खिडकीतून खाली बोट दाखवलं. पेवर ब्लॉकवर कुणा पाहुण्याची पांढरी गाडी उभी होती.

"बाबा, तिथं खाली खडी हाय, कच हाय."

"खडी उचलता येते."

"आणि गाड्या?"

"गाड्यांना चाकं असतात. त्या सरकतील. तुझी आई सरकली न्हाय का?"

हे बोलायला नको होतं कदाचित. त्याचा चेहरा पडला. पण गेल्या कार्तिकात बोलायचं ते मी आज बोललो, आणि मागं घेणार नाही. तो हो म्हणाला नाही. मी विचारलंही नव्हतं.

परवा दसरा. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. तू सुऱ्या, कोयता, इंजिनाचे पाने सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचीस. या वर्षी मी मांडणार आहे, आणि पाटावर पहिल्यांदाच पहार असेल. ती आजच गंज खरवडून, खोबरेल लावून ठेवलीय. तिला झेंडू वाहीन, नमस्कार करीन, आणि सकाळच्या उन्हात तुझ्या खिडकीखाली जाऊन सहा ब्लॉक उचलीन. सगळे नाही, फक्त सहा. पाच रोपांना एवढी जागा पुरते, मी वितीनं मोजून आलोय. खडी काढीन, कच काढीन, खाली तुझी जुनी माती लागेपर्यंत उकरीन. गुडघे दुखतात म्हणून कुणी अडवायला आलं तर त्याला खुर्चीवर बसवीन आणि काम चालू ठेवीन. कुणाची गाडी मध्ये उभी असेल तर तिच्या मालकाला झोपेतून उठवीन. कोळीवाडा हसेल? हसू दे. एवढी वर्षं तुझ्यावर मीच हसलो, तुझं काय बिघडलं?

आणि तुला शब्द देतो. पहिला टोमॅटो पिकला की मी तो कालवणात घालणार नाही, माझ्या जिभेला कितीही पाणी सुटलं तरी. त्याचं बी कॅलेंडरच्या पानावर तुझ्यासारखं ओळीनं चिकटवीन आणि कोपऱ्यात 'आंबट' लिहीन. पुढच्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ नितेश वाहील. बंदरावर वाजंत्री वाजेल तेव्हा मी या खोलीत, या खिडकीशी, करवंट्यांचे डोळे फोडत बसलेला असेन. दर्याला एक वर्ष माझ्याशिवाय चालेल. तुला बेचाळीस वर्षं चालवून घ्यावं लागलं.

आता उठतो. सकाळच्या गडबडीत रोपांवरून हात फिरवायचा राहिलाय.

तुझा,
ज्यानं त्या दिवशी चपला घालून बंदर गाठलं, आणि आज खुर्ची सोडली नाही, तो
हरिश्चंद्र